आतल्या बाजूचे पोपट

मी एक पाऊच आहे, चेनचा. पण तुम्हाला दिसतेय ती माझी उलटी बाजू. लोंबते दोरे आणि फिकट कापड. माझे हिरवे पोपट आत अंधारात कोंबलेले आहेत.

मालवणजवळच्या कट्टा गावातल्या या घरात दीपिकानं मला शिलाई मशीनवर शिवलं. लग्न होऊन येताना तिनं नांदगावच्या माहेरचा खिडकीचा पडदा सोबत आणला होता. हिरव्या पोपटांच्या छापाचा, उन्हानं विरलेला. त्यातल्या त्यात धड तुकड्यातून मी निघालो.

इथे आल्यापासून दीपिका एकच धडा गिरवतेय, बंद करण्याचा. उघडं राहिलं तर मिठाला पाणी सुटतं, माशांवर मांजर टपलेली असते. सासूबाई नर्मदा दिवसभर सांगतात, "झाकण लाव गो. दार लोट गो." सून इतकी गुणी, की बाजू शिवायच्या आधी तिनं माझी चेनसुद्धा लावून टाकली.

चेन अर्धी उघडी ठेवायची असते. पाऊच उलटा शिवतात आणि त्या फटीतून सुलटा करतात. फट नाही, तर सुटका नाही. चेन सरकवणाऱ्या रनरची पकड आत, बोटं बाहेर. तिनं उसवून पाहिलं, तर टाक्याच्या आधी कापडच निघायला लागलं.

काल ईडाबाई आल्या. मालवणात त्यांचं पर्यटकांसाठी दुकान आहे.

"बाय, एक नमुनो दाखय. बरो असलो तर पुढचो सगळो माल तुझ्याकडनंच घेतंय."

दीपिकानं मला ओढणीखाली दाबलं. "अजून झालो नाय."

खोटं नव्हतं तसं.

"मगे उद्या सकाळी बाजारात घेवन ये. मी थंयच आसंय."

त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नुसतीच खटखट. मशीन कुडाळाक मथुरेकडे जांव दे. तिका शिवणक्लास काढूचो आसा." मथुरा म्हणजे नणंद. नवरा दीपेश ताटातल्या भाताकडे बघत म्हणाला, "आई म्हणता ता खरा." दीपिकानं भाताचं झाकण लावलं.

आज सकाळी अंगणात टेम्पो उभा आहे. मशीन चादरीत गुंडाळून वर चढवलंय. दीपिका दाराआड उभी राहून कापडावरूनच अंगठ्यानं माझा रनर ढकलतेय. तो सरकतो आणि निसटतो. तिचं नख तुटलंय.

"झाला काय?" टेम्पोवाला विचारतो.

"दोरी घट्ट बांध रे," सासूबाई सांगतात.

दीपिका, अंगठा काढू नको. कापड फाटलं तर फाटू दे. आणखी जरा. बघ, दोन दात सुटले. बोट घाल आत. ही पोपटाची चोच बाहेर आली.

यापुढचं मला जमणार नाही. मला आवाज नाही, तुला आहे. बाजार अजून उठला नसेल. मला असाच अर्धामुर्धा हातात धर आणि अंगणात जा. टेम्पो सुरू झालाय. त्याला थांब म्हण, दीपिका. या घरात एकदाच, मोठ्यानं.