बोटभर हवा

आजी तिला मोजपट्टी म्हणायच्या. नावाने हाक मारायचे कष्ट त्यांनी कधी घेतलेच नाहीत. पहिल्या दिवशी खोलीत सामान टाकून ती टेप घेऊन थेट तळघरात उतरली, तेव्हा आजी जिन्यात काठी टेकून म्हणाल्या, "इतिहासवाले आधी चहा तरी घेतात हो. ही कोण मोजपट्टी पाठवलीय?"

घर आजींचंच. लहानपणी गावात झालेल्या नरसंहारातून आजी ज्या तळघरामुळे वाचल्या, त्याच्यासकट ते त्यांनी संशोधन संस्थेला दिलं होतं. अट एकच. त्या असेपर्यंत वरच्या मजल्यावर राहणार आणि अभ्यासाला येणाऱ्यानेही वर्षभर याच घरात राहायचं, संध्याकाळी त्यांच्याबरोबर जेवायचं. निवासी फेलोशिप म्हणतात ती हीच. आजवरचे सगळे फेलो इतिहासाचे, ही पहिलीच रसायनशास्त्राची. माणसं जिथे लपली तिथे त्यांना हवा कशी पुरली, हा तिचा विषय. बाबा फोनवर म्हणाले होते, "तळघरातच बसायचं होतं, तर आपल्या माळ्याने काय घोडं मारलं होतं?"

तेव्हा ती हसली होती. आता वर्ष संपत आलं होतं आणि हसू येत नव्हतं, कारण उत्तर जुळत नव्हतं. तळघर बियाणं साठवायचं. ओल येऊ नये म्हणून आतून चहूबाजूंनी डांबर फासलेलं, झाकणाला कडेने चामड्याची पट्टी. आजींच्या काकांनी घरच्या सात जणांना आत उतरवलं, झाकणावर पोती रचली, आणि ते स्वतः पकडले गेले. जवळजवळ तीन आठवड्यांनी बाहेरची पलटण आली, तोवर झाकण कोणी उघडलं नाही, आम्ही आहोत हे कोणालाही ठाऊक नव्हतं, अशी आजींची साक्ष. गावातल्या पोरासोरांनाही पाठ असलेली. तिच्या हिशोबाने तेवढ्या हवेवर त्या सात जणांनी दुसरी सकाळसुद्धा पाहिली नसती.

संस्थेचे संचालक म्हणाले, "मग तुमचं गणित चुकलंय."

"तीनदा केलंय, सर."

"चौथ्यांदा करा. आजींच्या साक्षीवर ही संस्था उभी आहे."

तेवढ्यावर भागलं असतं, पण समोर बेकरी होती. आताच्या बेकरीवालीच्या बापाने त्या दिवसांत बंदूकवाल्यांना घरं दाखवली होती. ते सिद्ध झालं होतं आणि तो तुरुंगातच मेला. आजींचा पाव म्हणूनच गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. मोजपट्टीला हे कळेपर्यंत तिला समोरच्या पावाची सवय लागली होती. एके दिवशी पाव बांधता बांधता बेकरीवाली हळूच म्हणाली, "तुरुंगातल्या शेवटच्या भेटीत बाबा सांगून गेले, झाकण मी उघडायचो. आई म्हणाली, तापात बरळतायत. तुमच्या त्या हवेच्या यंत्राला काय वाटतं?"

हिची जीभ घसरली. "वर्ष संपायच्या आत सांगते."

तो शब्द आता गळ्यात अडकला होता. अहवालात लिहावं तर आजी खोट्या, न लिहावं तर बेकरीवालीला तोंड कसं दाखवायचं? आणि रोज संध्याकाळी आजी समोर बसून वाढायच्या, "घे अजून, मोजू नकोस."

एकच चाचणी राहिली होती. स्वतः आत बसायचं, झाकण लावायचं आणि हवा मोजणारं यंत्र काय दाखवतं ते बघायचं. वर कोणीतरी हवं होतं. संचालकांनी कानावर हात ठेवले.

"आणि मग मीच सापडले का?" आजी म्हणाल्या.

"घरात दुसरं कोणी नाही."

आजी काठी टेकत उठल्या. "खुर्ची आण. पोत्यांच्या जागी मी बसते."

दुपारी ती उतरली. यंत्र वाजलं की ती ठोठावणार आणि आजी उठणार, असं ठरलं. झाकण बसलं, वर खुर्चीचे पाय टेकले. काळोख, डांबराचा वास आणि यंत्रावरचे हिरवे आकडे. आकडे तिने कागदावर मांडले होते तसेच, त्याच चालीने चढत गेले. तिला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. डोकं जड झालं. यंत्र वाजलं. तिने ठोठावलं.

काही हललं नाही. पुन्हा ठोठावलं. झाकणाला खांदा लावून पाहिला.

"आजी!"

"ऐकतेय."

"उघडा ना."

"आम्ही ठोठावत नव्हतो गं. ठोठावलं की संपलं." मग अगदी हळू, लाकडाला तोंड लावल्यासारखा आवाज आला. "संध्याकाळी पोती सरकायची. बोटभर फट. त्या फटीत बोटं दिसायची, पीठ लागलेली."

तिने यंत्र बंद केलं. "कोणाची ते माहीत होतं तुम्हाला?"

"आईला होतं. तिने मला नुसती मान हलवून बजावलं, बोलायचं नाही. पुढे कधी बोलायचं, ते न सांगताच गेली."

"त्याची मुलगी विचारतेय, आजी."

"माहितीये. तू पाव कुठून आणतेस ते वरच्या खिडकीतून दिसतं मला."

"आधी उघडा!"

"उघडते. पण पुरतं ऐक. थोडा वेळ उभा राहून तो पोती परत ठेवायचा. रोज. आणि सकाळी त्याच हाताने घरं दाखवायचा. माझ्या बाबांनाही त्यानेच दाखवलं. उघडायचा एवढंच लिहिलंस तर तो देवमाणूस होईल. मग माझ्या बाबांना कुठे ठेवू?"

"दोन्ही लिहीन."

"लिहिशील. आणि तू आपल्या घरी जाशील. खिडकीत मी बसणार."

खुर्ची सरकली. झाकण बोटभर उचललं गेलं आणि तिथेच थांबलं. तिने फटीला तोंड लावलं आणि लाजलज्जा सोडून हवा ओढली. मग झाकण पूर्ण वर गेलं.

ती बाहेर येऊन जमिनीवरच बसली. आजींनी हात पुढे केला. "दे बघू ते यंत्र. एवढ्याशा डबीने माझं खोटं पकडलं?"

"खोटं नाही म्हणत मी."

"म्हण. मीही म्हणते." आजींनी यंत्र उलटंसुलटं करून परत दिलं. "झाकण लाव. कोणीतरी पडेल."

तिने झाकणावर हात ठेवला. ढकलवेना. आजी खुर्ची ओढून पलीकडे बसल्या. डांबराचा वास वर येत राहिला.

"उद्या पाव आणायला जाशील तेव्हा हाक मार," आजी शेवटी म्हणाल्या. "जिना उतरायला वेळ लागतो मला." मग काठी चाचपत म्हणाल्या, "येईनच असं नाही हो. हाक मार फक्त."