बॅटरी कोणी खाल्ली?

"एक्याऐंशीवरून चौसष्ट! बघा, बघा!" पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली आणि दीडशे माणसांनी टाळ्या पिटल्या. तिच्या फोनची बॅटरी उतरली होती. घरी उतरली असती तर तिनं कंपनीचा उद्धार केला असता. इथं उतरली म्हणून डोळ्यांत पाणी.

जागा म्हणजे बंद पडलेलं शीतगृह. चारी बाजूंना पत्र्याच्या भिंती, खिडकी औषधालासुद्धा नाही. मधोमध गादीवर ऊर्जामहाराज.

"माझं दर्शन-अ‍ॅप लावा! फोन दोन्ही तळव्यांत घट्ट धरा! तापला तर घाबरू नका, तो तुमचा रोग तापतोय. आकडा उतरला की रोग उतरला!"

महाराज दहा हातांवर बसलेले, आणि भक्त त्यांना फोनच्या पडद्यावर बघत होते. तिथं ते तोंड उघडं ठेवून अडकले होते आणि वर एक चक्र गरगरत होतं. एक आजोबा त्या चक्रालाही मान लववत होते.

हसून सोडून दिलं असतं, पण त्या गर्दीत माझी ताई होती.

ताईला फिट येते. सहा वर्षं रोजच्या गोळीनं ती दबून आहे. ताई इस्त्रीचं दुकान चालवते आणि तिची गोळी माझ्याच औषधाच्या दुकानातून जाते. या महिन्यात ती आलीच नाही, म्हणून मी तिला शोधत इथं आलो.

"नऊ दिवस झाले गोळी सोडून," ताई म्हणाली. "महाराजांनी ओढून घेतली फिट. फोन हाताला चटका देतो रे, तुला काय कळणार!"

"आणि तापलेली इस्त्री हातात असताना आली म्हणजे?"

"वाईटवकटं बोलू नकोस."

डोकं आपटून उपयोग नव्हता. माझ्या शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारी एक बाई बसते. जिभेनं फटकळ, हातानं जादूगार. तिला सगळं सांगितलं.

"अच्छा, म्हणून होय!" ती म्हणाली. "फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन अकरा जण आले, अकराही त्या पत्र्याच्या खोलीतले. चला, दर्शन घेऊ."

दुसऱ्या दिवशी सत्संग रंगात आला असताना तिनं ताईच्या दुसऱ्या हातात एक फोन ठेवला. ताईच्याच फोनचा जुळा भाऊ, पण विमान मोडवर. "दोन्ही धरा, ताई."

दहा मिनिटांनी ताई पुटपुटली, "हा तापला. हा गारच आहे."

"त्या यंत्रात श्रद्धा नाही!" महाराज गरजले.

"श्रद्धा नव्हे, त्यात रेंज शोधणं बंद आहे," दुरुस्तीवाली तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "या पत्र्यातून रेंज आत येते ती जेमतेम एक काडी. टॉवरला ऐकू जावं म्हणून फोन जीव तोडून ओरडत बसतो. त्यात अ‍ॅपचा व्हिडिओ चालू, वर तुम्ही त्याला मुठीत कोंडलेला. तापणार नाही तर काय करेल बिचारा?"

"नास्तिक!" मागून कोणीतरी ओरडलं.

"असेन. पण बॅटरी कोणी खाल्ली ते फोन स्वतःच सांगतो." तिनं सेटिंग उघडून दिली. "वाचा ताई, मोठ्यानं."

ताई अडखळत वाचू लागली. "दर्शन-अ‍ॅप, बेचाळीस टक्के. मोबाइल नेटवर्क, एकतीस. पडदा, वीस..."

"आणि फिट? ती किती टक्के?"

ताईनं यादी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "फिट नाहीये यात."

दीडशे माणसं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून यादी शोधू लागली. महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. ते मागच्या दारानं बाहेर गेले, तर त्यांचा स्वतःचा फोन गाडीत ठेवलेला. आत रेंज धड येत नाही, हे त्या एकट्यालाच पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ताई पायरीवर बसली. "मग माझी फिट गेली कुठं रे?"

"कुठंच गेली नाही, ताई. तुझ्यातच आहे."

ती ढसाढसा रडली. मी तिला तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दहा दिवसांत काही झालं नाही, हे निव्वळ नशीब. ते आठवलं की मला महाराजांचा नाही, माझाच राग येतो. नऊ दिवस मला पत्ता नव्हता.

फोन तापला तर दुरुस्तीवाल्याकडे जा. माणूस आजारी असेल तर डॉक्टरकडे. आणि एकाचा संबंध दुसऱ्याशी जोडणारा कोणी भेटला, तर पाया पडण्याआधी एवढंच म्हणा: "दुसऱ्या फोनवर करून दाखवा."