काळी पाच

आई गेली तेव्हा आमच्या ऑर्केस्ट्राच्या गणपतीतल्या तारखा ठरून गेल्या होत्या. बाबांनी त्यातली एकही रद्द केली नाही. सेलू गावात काहींना याचं नवल वाटलं, काहींना राग आला. बाबा तहसीलमध्ये कारकून होते. दिवसभर फायलींत मान घालून बसायचे आणि संध्याकाळी ॲकॉर्डियन गळ्यात अडकवून तशीच मान घालून बसायचे. बोलणं मुळातच कमी. आईनंतर ते आणखी कमी झालं, एवढंच.

ऑर्केस्ट्राचं नाव ‘गोदातरंग’. सुरुवातीला त्यात बाबांची पेटी, एक तबला आणि आई, इतकंच होतं. १९८५ च्या त्या गणपतीत मात्र बाबा आणि मी सोडून सगळे नवे होते. उद्धव परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायचा आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. भुजंग कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो ड्रमवर. आईच्या जागी विमलाताई, पाथरीच्या शाळेतल्या शिक्षिका. मी निवेदन करायची. एम. ए. झालेली, पुस्तकं वाचणारी आणि घरीच बसलेली मुलगी म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

आईची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. बायकांच्या मानानेही ती उंचच. विमलाताईंचा आवाज गोड आणि भरीव होता, पण तो खुलायचा पांढरी पाचमध्ये, आईच्या तीन घरं खाली. पहिल्याच तालमीत त्यांनी भीतभीत विचारलं, “काका, थोडं खाली घ्यायचं का?”

“माझी बोटं बसलीत या पट्टीत,” बाबा म्हणाले. “तुमचा आवाज येईल हळूहळू वर.”

“मला नुसती एक क्लिप सरकवायचीय, काका,” उद्धव गिटारच्या दांडीवरची क्लिप दाखवत म्हणाला.

“तुझ्या क्लिपवर ऑर्केस्ट्रा चालत नाही.”

बोटं बसली होती हे खरं नव्हतं. शाळांच्या गॅदरिंगला बाबा कुठल्याही पोराला त्याच्या पट्टीत साथ करायचे, ऐन वेळी, हसत. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी गप्प राहिले. कारण काळी पाचमध्ये सुरुवातीचे सूर वाजायला लागले की गाणं सुरू होईपर्यंतचे ते आठ-दहा क्षण असे असायचे, की आता आई उचलेल असं वाटायचं. ते क्षण मलाही हवे होते.

पहिला कार्यक्रम पाथरीला झाला. नामांतराच्या मोर्च्यामुळे एसटी बंद होती, म्हणून सामानासकट एका जीपमध्ये कोंबून गेलो. गाव विमलाताईंचं, समोर त्यांचेच विद्यार्थी आणि पालक बसलेले. लोकांनी सांभाळून घेतलं. शेवटी बाबांनी स्वतः चाल लावलेलं गोदावरीवरचं गाणं होतं. त्याची शेवटची ओळ चढत चढत वर जाते आणि तिथे बराच वेळ थांबते. विमलाताईंनी ती ओळ निम्म्यावर सोडली आणि उद्धवने गिटारवर पुरी केली. टाळ्या पडल्या. आम्ही परत निघालो तेव्हा त्या जीपपाशी गळ्याला रुमाल गुंडाळून उभ्या होत्या.

दुसरा कार्यक्रम सेलूतच, बाजारातल्या, कापसाच्या मोंढ्याजवळच्या मंडळाचा. इथल्या लोकांनी आईला वर्षानुवर्षं ऐकलेलं. तिसऱ्या गाण्यापासूनच विमलाताईंचा आवाज चिरायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, “बाईला शिडी द्या रे कुणीतरी!” हशा पिकला. गोदावरीच्या गाण्यात वरचा सूर लागलाच नाही. नुसता एक खरखरीत आवाज आला आणि माइकने तो सगळ्या मोंढ्यात नेला. बाबा वाजवत राहिले. मान खाली, डोळे मिटलेले. त्या थांबल्यात हेही त्यांना दोन ओळींनंतर कळलं.

मंडपामागे भुजंग माझ्याजवळ आला. “तायडे, ती बाई तिकडं रडायलीय. उद्यापासून येत न्हाई म्हणायलीय. तू काकाला सांगत काऊन न्हाईस?”

“मी काय सांगू?”

“आता ते बी मीच सांगू का? मी ढोल बडवणारा माणूस. मला काळी पाच अन् पांढरी पाच सारखीच.” मग आवाज उतरवून म्हणाला, “पर लय वंगाळ झालं बघ. काकूच्या नावानं त्या बाईचे हाल करायलोत आपण.”

मी विमलाताईंकडे गेले. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. “काकूंसारखं गायचं होतं हो मला,” त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या. “पण काकूंचाच गळा कुठून आणू?”

सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं. आदल्या दिवाळीपासून होतं. परभणीच्या एका कार्यक्रमानंतर आईला बराच वेळ धाप लागली होती. मी पाठ चोळत होते. ती म्हणाली, “ही पट्टी आता झेपेना ग मला. बाबांना सांगू नको.” का, असं मी विचारलं. “पट्टी उतरवली की लोक म्हणतात, बाई संपली. आणि त्यांना वाटेल, मला काहीतरी झालंय.” तिला काहीतरी झालंच होतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं, तोवर मे उजाडला होता. मी तिचा शब्द पाळला होता. इतका चांगला पाळला, की त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा ओसरीवर ॲकॉर्डियनचा भाता पुसत बसले होते. मी समोर बसले.

“विमलाताई यायच्या नाहीत म्हणतात.”

“येतील. नवीन आहेत.”

“पट्टी खाली घ्या, बाबा.”

“तुला सांगितलंय एकदा.”

“आईलाही झेपत नव्हती ती.”

त्यांचा हात थांबला. मी थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून सगळं एका दमात सांगितलं. परभणी, धाप, ‘बाबांना सांगू नको’ हे तिचं बजावणं. बाबा ऐकत होते. भात्याच्या एका घडीत फडक्याचं टोक अडकलं होतं, ते त्यांनी सावकाश सोडवलं.

“दिवाळीपासून?”

“हो.”

“म्हणजे संक्रांतीलाही.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “संक्रांतीला गोदावरीच्या गाण्याला वन्स मोअर आला होता. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं, लाजतेय. मी पुन्हा सुरू केलं. तिला पुन्हा म्हणायला लावलं मी.”

मला ते आठवत होतं. मी तेव्हा माइकपाशीच उभी होते.

“तू तरी सांगायचं होतंस,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. फडकं घडी करून ठेवलं, आत गेले. सोमवारी ते कचेरीतून परस्पर पाथरीच्या गाडीत बसले आणि विमलाताईंच्या घरी जाऊन आले, हे मला नंतर उद्धवकडून कळलं.

राणीसावरगावचा कार्यक्रम बुधवारी होता. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं, बाया पोरांना घेऊन पुढे येऊन बसल्या होत्या. विमलाताई आल्या होत्या. सुरुवातीपूर्वी बाबांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं, “सगळं पांढरी पाच.” उद्धवने क्लिप सरकवली. भुजंगने माझ्याकडे पाहून उगीच नाक ओढलं.

गाणी चांगली झाली. अर्ध्या कार्यक्रमानंतर समोरच्या बाया माना डोलवायला लागल्या. गोदावरीच्या गाण्याचं निवेदन मी केलं, बाजूला झाले, आणि सुरुवातीचे सूर वाजले. ते त्याच गाण्याचे होते, पण खालून आलेले, जड. त्या आठ-दहा क्षणांत मी कुणाची वाट पाहिली नाही. मग विमलाताईंनी उचललं आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच पूर्ण उघडला. खरोखर सुंदर होता.

दुसऱ्या कडव्यात बाबा चुकले. बोटं सवयीने वर गेली आणि एक सूर भलताच वाजला. त्यांनी हात आवरला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मला वाटत होतं, बोटं बसलीत ही नुसती सबब आहे. या एका गाण्यापुरतं ते खरं होतं.

मग त्यांनी पट्ट्यांवरून बोटं उचलली. उद्धवने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि साथ गिटारवर घेतली. शेवटची ओळ विमलाताईंनी चढत चढत नेली, वर थांबल्या, सगळं गाव थांबलं. बाबा हवेचं बटण दाबून भाता उघडत होते, मिटत होते. सूर नव्हता, नुसता वारा आत-बाहेर होत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते म्हणून मला तो ऐकू येत होता.

टाळ्या पडल्या. कुणीतरी वन्स मोअर ओरडलं, मग पुष्कळ जण ओरडले. विमलाताई हसून बाबांकडे वळल्या.

बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. मी माइक जवळ ओढला आणि पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं.