आधी पेन्सिल, मग साहेब, मग शाई

अपघाताच्या जागेचा नकाशा आधी पेन्सिलने काढायचा, साहेबांना दाखवायचा आणि साहेबांनी मान हलवली की शाईने गिरवायचा, अशी पोलीस खात्यात पूर्वापार पद्धत होती. ती कुठल्याही नियमपुस्तकात नव्हती. जे पाळायचंच असतं ते खात्यात सहसा लिहून ठेवत नाहीत.

अपघातांची मापं घेणाऱ्या बाई मात्र पहिल्या दिवसापासून थेट शाईने काढायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठाने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा पेन्सिलीच्या नसतात. वरिष्ठाने त्यांच्या गोपनीय अहवालात ‘स्वभाव ताठर’ असं नोंदवलं. पुढच्या अठ्ठावीस वर्षांत सात साहेब आले आणि गेले, पण ते दोन शब्द प्रत्येकाने आपापल्या अक्षरात उतरवून काढले. खात्याच्या स्मरणशक्तीवर लोक उगाच शंका घेतात.

पाठीमागे त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. घासलेल्या टायरची खूण पाहून त्या गाडीचा वेग सांगत. फुटलेल्या दिव्यातली तार कशी ताणली गेली आहे ते बघून, धडकेच्या वेळी दिवा लागलेला होता की बंद, हे सांगत. प्रत्येक माप जागच्या न हलणाऱ्या दोन वस्तूंपासून घ्यायचं, हा त्यांचा नेम. झाडं तोडली जातात, दगड हलवतात, साक्षीदार तर कुठेही जातात. म्हणून विजेचा खांब, पुलाचा कठडा, इमारतीचा कोपरा. असे एकोणीसशेच्या वर नकाशे झाले होते आणि त्यातला एकही न्यायालयात खोटा ठरला नव्हता.

यंदा सेवापदकासाठी त्यांचं नाव पाठवायचं ठरलं. त्यांची कामगिरी हे कारण होतंच, शिवाय उरलेल्या तिघांवर चौकशी चालू होती. हेडक्लार्कने फॉर्म पुढे ओढला. ‘उल्लेखनीय कामगिरी, शंभर शब्दांत’ या रकान्यात काय घालायचं, हे त्याला कळेना. किती गुन्हेगार पकडले, त्याने विचारलं. एकही नाही. गोळीबार? नाही. निदान एखादा पाठलाग? बाई म्हणाल्या, गाड्या थांबल्याशिवाय माझं काम सुरूच होत नाही. हेडक्लार्कने कपाळाला हात लावला आणि ‘उत्कृष्ट मोजमाप’ असं लिहून उरलेल्या अठ्ठ्याण्णव शब्दांची जागा कोरी ठेवली.

फॉर्म टेबलावर असतानाच मंगळवारी दुपारी अपघात झाला. पेट्रोल पंपाजवळच्या वळणावर एक जीप आणि इस्पितळाच्या चादरी धुवून नेणारी एक व्हॅन समोरासमोर धडकली. जीप खात्याचीच होती. आत उपप्रमुख साहेब होते. त्यांची दाढ दुखत होती आणि दंतवैद्याने दिलेली वेळ टळून चालली होती. साहेबांना खरचटलंही नाही. व्हॅनवाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो शुद्धीवर येईपर्यंत जीपच्या ड्रायव्हरचा जबाब लिहून झाला होता: व्हॅन आमच्या बाजूला घुसली. व्हॅनवाल्याचा परवाना जप्त झाला, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. परवाना गेला की त्या माणसाची नोकरी गेली, आणि गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, असा सरळ हिशोब होता. फोटो काढले होते, पण संध्याकाळपर्यंत ते कुणालाच सापडेनासे झाले.

बाई मात्र वीस मिनिटांत पोचून मोजून आल्या होत्या. त्यांच्या नकाशात जीप मधली रेघ ओलांडून एक मीटर चाळीस सेंटिमीटर पलीकडे, व्हॅनच्या हद्दीत होती. आणि नकाशा शाईत होता.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला. बाई समजल्या. टेबलावर एका बाजूला पदकाची फाइल होती, दुसऱ्या बाजूला एक कोरा करकरीत नकाशा. तुमचा जरा कच्चा वाटला, साहेब म्हणाले, म्हणून नकाशा विभागाकडून पक्का करून घेतला. खाली फक्त तुमची सही राहिली आहे.

बाईंनी कागद हातात घेतला. काम स्वच्छ होतं, अक्षर मोत्यासारखं. जीप आपल्या बाजूला होती आणि व्हॅन तिच्या अंगावर आलेली. बाईंनी अर्धा मिनिट पाहिलं आणि कागद खाली ठेवला.

“हा माझा नाही. सही करणार नाही.”

“बाई, सहा महिने राहिलेत तुमचे. वारा येईल तशी पाठ द्यावी माणसानं.”

“माझी पाठ आभाळाकडे असते, साहेब. वाकून मोजावं लागतं.”

चहा आला तो साहेबांनी एकट्यानेच घेतला, अर्थात दुखऱ्या दाढेच्या विरुद्ध बाजूने.

घरी सासरे वाटच पाहत होते. ते शिंपी होते; दुकान बंद करून बारा वर्षं झाली, तरी गळ्यातला टेप सुटला नव्हता. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला असल्यामुळे घरात दोघंच, आणि दोघंही मापाची माणसं, त्यामुळे वाद फार होत नसत. मामंजींनी पदकाची बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली होती. पदकाच्या वजनाने गणवेशाचा खिसा ओघळू नये म्हणून आतून कापडाची पट्टीही लावून ठेवली होती.

बाईंनी सगळं सांगितलं. नकाशा विभागातल्या पोराने ती जागा कधी पाहिलेली नव्हती. त्याने काय केलं असणार, तर मूळ कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरला आणि मागून गिरवला. आरशात दिसावं तसं सगळं फिरलं. जीप आपल्या बाजूला गेली हे खरं, पण तिच्याबरोबर पेट्रोल पंपही रस्ता ओलांडून गेला.

“आमच्यात असा माणूस दोन डाव्या बाह्यांचा कोट शिवतो,” मामंजी म्हणाले. “मग तोंडावर का नाही सांगितलंस त्याला?”

“सांगितलं असतं तर उजवी शिवून आणली असती.”

“म्हणजे पदक गेलं.”

“गेलं.”

“अगं, मी जिन्यात सगळ्यांना सांगून बसलोय.”

“मग हेही सांगा, मामंजी.”

मामंजी पुटपुटत उठले आणि खरंच चपला घालून बाहेर पडले. तळमजल्यापासून सुरुवात केली असावी, कारण परत यायला त्यांना दीड तास लागला.

जीप खात्याचीच, म्हणून अपघाताच्या चौकशीला बाहेरच्या खात्यातला एक सडसडीत अधिकारी आला होता. त्याला सर्दी झाली होती आणि त्यामुळे कुणाचीच प्रस्तावना ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती. व्हॅनवाला कुबड्या भिंतीला टेकवून बसला होता. बाईंचा मूळ नकाशा फाइलमध्ये नव्हता. तो कच्चा असल्याने नष्ट केला, असं खात्याच्या वकिलाने सांगितलं आणि पक्का पुढे ठेवला. मग तो बाईंकडे वळला. वय काय, चष्म्याचा नंबर किती, गेल्या वर्षी वाढला का, उन्हात किती वेळ उभ्या होतात. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली, नंबर तर दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा सांगितला.

“अठ्ठावीस वर्षांत तुमच्या मापात कधीच चूक झाली नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“झाली आहे. दोनदा. दोन्ही नकाशांखाली मी स्वतः लिहून दिली आहे. क्रमांक सांगू?”

वकिलाला क्रमांक नको होते. मग या पक्क्या नकाशावर सही करायला अडचण काय, त्याने विचारलं.

“आता काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “तेवढा पेट्रोल पंप रस्त्याच्या पलीकडे नेऊन बांधा, मी लगेच सही करते.”

अधिकाऱ्याने नाकावरचा रुमाल काढला. पंप कुठल्या बाजूला आहे, त्याने वकिलाला विचारलं. वकिलाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांची जीप दर आठवड्याला त्याच पंपावर उभी राहत असे, पण साहेब छताकडे पाहत होते.

मग सगळी मंडळी वळणावर गेली. पंप आपल्या जागी होता. धडकेत जीपच्या चाकाची लोखंडी कड डांबरात रुतून पडलेली खोच अजून तशीच होती, बोटभर खोल. डांबराला कुणी साहेबांकडे पाठवलं नव्हतं. बाईंनी आपली टिपणवही उघडली आणि टेपचं शून्याचं टोक वकिलाच्या हातात दिलं, कारण जवळ तोच उभा होता. वकील पंपाच्या खांबापाशी उकिडवा बसला. माप वहीतल्या आकड्याशी सेंटिमीटरला जुळलं. मग विजेच्या खांबापासून मोजलं, तेही जुळलं. मधल्या रेघेपासून खोच एक मीटर चाळीस, व्हॅनच्या हद्दीत. अधिकारी दोनदा शिंकला आणि लिहून घेऊ लागला.

निकाल आठवड्याच्या आत लागला. व्हॅनवाला सुटला, गुन्हा जीपच्या ड्रायव्हरवर गेला. साहेबांवर काही आलं नाही. मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी कायद्यात फारसं काही लिहिलेलं नाही. पदकाची फाइल परत आली. त्याच टपालात बाईंच्या बदलीचा हुकूम होता: उरलेले सहा महिने जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. बाईंनी हुकूम वाचला, मिळाल्याची सही केली आणि खाली एक ओळ जोडली, की त्या खोलीत खात्याने ‘नष्ट’ केलेले नकाशे सापडल्यास ते क्रमवार लावून त्यांची यादी चौकशी अधिकाऱ्यांना पाठवली जाईल. हेडक्लार्कने ती ओळ वाचली, बाईंकडे पाहिलं आणि आवक शिक्का जरा जोरातच मारला.

त्याच दुपारी व्हॅनवाला खिडकीवरून परवाना घेऊन निघाला होता. कॉरिडॉरमध्ये बाई दिसल्या तसा तो थांबला. हात जोडायचे तर कुबड्या पडल्या असत्या, म्हणून नुसतीच मान हलवली.

“ताई, अहवाल वाचला मी. माझं मागचं टायर गुळगुळीत होतं, तेही लिहिलंत तुम्ही.”

“होतंच ते. बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.”

“माझ्या बाजूच्या आहात असं वाटलं होतं मला.”

“मी रस्त्याच्या बाजूची.”

तो हसला, पण पुरता पटल्यासारखा नाही. तेवढ्यात समोरून साहेब आले, दोन्ही हातांत फायली घेऊन. त्यांनी बाईंना पाहिलं आणि नजर भिंतीवरच्या सूचनांकडे वळवली. बाईंनी टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. कनिष्ठाने गणवेशात केलेला सॅल्यूट वरिष्ठाने परत करायचाच असतो. हे मात्र नियमपुस्तकात लिहिलेलं आहे.

साहेबांना सूचना वाचून संपेनात. बाईंचा हात कपाळाशी तसाच होता, कोपर बरोबर खांद्याच्या रेषेत. व्हॅनवाला कुबड्यांवर रेलून बघत राहिला. खिडकीमागचे कारकूनही बघायला लागले. शेवटी साहेबांनी फायली काखेत दाबल्या, त्यातली एक खाली पडली, आणि उजवा हात वर गेला.

मगच बाईंनी हात खाली घेतला.