पोखरा, फक्त पंचवीस मिनिटं

खड्गनाथ उप्रेती न विचारताच सांगायचा, "काठमांडू ते पोखरा? विमानाने पंचवीस मिनिटं. बसलं की उतरलं." रस्त्याने जेमतेम दोनशे किलोमीटर, पण घाट, धूळ आणि खड्डे धरून अख्खा दिवस जातो. तो दिवस लोक का घालवतात, हेच त्याला कळत नसे. आणि एवढं शहाणपण असून चार वर्षांत हा गृहस्थ पोखऱ्याला बहिणीकडे एकदाही फिरकला नव्हता. जवळच तर आहे, जाऊ की कधीही!

यंदा भाऊबीज जवळ आली तशी विष्णुमाया दिदीने फोनवर खडसावलंच. "बसने यायचास तेव्हा दरवर्षी यायचास. पंचवीस मिनिटांवर आलास आणि तोंड दिसेनासं झालं. भाइटीकेला तुझ्या कपाळाला टीका लावल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. आणि नाहीच आलास, तर मला भाऊ नाही असं समजेन."

त्याची बायको शोभा म्हणाली, "आदल्या दिवशी बसने जा गपचूप."

"रेडिओवर अख्ख्या देशासाठी सांगितलेला टीकेचा मुहूर्त अकरानंतरचा. सकाळच्या विमानाने गेलो तरी तिथे माश्या मारत बसावं लागेल."

विमान उडालं उशिरा, पण उडालं. पोखऱ्यावर धुकं हे एवढं. मध्येच फट पडली, तेव्हा खड्गनाथला तळं दिसलं, काठाची घरं दिसली, त्यातलं एक दिदीचंच म्हणून त्याने हातसुद्धा हलवला. विमानाने तीन घिरट्या घातल्या आणि मुकाट्याने पुन्हा काठमांडू गाठलं.

"दुपारची सगळी विमानं भरलीत, दाजू," खिडकीवरची मुलगी म्हणाली.

"अहो, मी पोखऱ्याला जाऊन आलोय!"

"मग परत कशाला जाताय?"

त्याने डोक्याला हात लावला. दिदी फोन उचलेना. शेवटी एका मायक्रोबसमध्ये, फ्लॉवरच्या पोत्याला टेकून, अर्ध्या बुडावर जागा मिळाली. गाडीतल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या कपाळावर सात रंगांची टीका, गळ्यात मखमली फुलांच्या माळा. याचंच कपाळ कोरं. शेजारच्या म्हाताऱ्याने कळवळून विचारलं, "बहीण नाही वाटतं, बाबू?"

"आहे. म्हणजे सकाळपर्यंत होती."

मग घाटभर तो पुन्हा पुन्हा दिदीचा नंबर लावत राहिला. चार वर्षांचं आता त्याला खरंच लागलं होतं.

दिवेलागण उलटून गेल्यावर धुळीने माखलेला खड्गनाथ दारात उभा राहिला. भिनाजूंनी, म्हणजे दिदीच्या नवऱ्याने, दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. विमानाचा आवाज आला तशी अंगणात धावली. ते परत फिरलं, तेव्हापासून बोलत नाहीये."

दिदी मांडलेल्या पाटासमोर बसून होती. "मला वाटलं, तूच फिरवायला सांगितलंस," ती म्हणाली.

"दिदी, विमान काय माझ्या बापाचं आहे?"

"तुझा काय भरवसा."

"मुहूर्त तर टळला."

"तो देशाचा मुहूर्त. बस खाली."

तिने त्याच्या डोक्यावर तेल थापलं, टीका लावली, माळ घातली, आणि पहिला घास घेताना मात्र तिला रडू आवरेना. खड्गनाथनेही मान खाली घातली आणि डोळे पुसले.

त्याचं परतीचं तिकीट दुसऱ्या सकाळचं होतं. उजाडलं तेव्हा आभाळ लख्ख, माछापुच्छ्रेचा बर्फाळ सुळका हाताला लागेलसा, विमानं ओळीने उतरत होती. दिदी तोंड पाडून ओसरीत आली.

"आज धुकं नाही रे," ती म्हणाली.

खड्गनाथने आभाळाकडे नीट बघून घेतलं. "पडेल," तो म्हणाला. "दोन-चार दिवस वाट बघू."