चंद्रातला बाबा आणि भिंतीवरचं गाढव

सूर्य टेकतोय न टेकतोय तोच अख्खं गाव कुरणावर गोळा झालं. डोंगरामागून पुनवेचा चंद्र वर आला आणि एकच गलका उठला, "दिसले! बाबा दिसले!"

आमच्या किरगीझ गावात चंद्रात आजवर बादल्या घेतलेली पोरकी मुलगी दिसायची. तोक्तोसून मांत्रिक आला आणि त्या बिचारीची हकालपट्टी होऊन तिच्या जागी स्वर्गातले कुणी दाढीवाले बाबा आले.

त्याची तऱ्हा अशी. काळ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची चकती, तिच्यावर पांढरे डोळे, पांढरी दाढी. कंदिलाच्या उजेडात तीस आकडे मोजेपर्यंत तिच्याकडे टक लावायची, मग चंद्राकडे बघायचं.

"नजर इकडेतिकडे गेली तर आंधळे व्हाल!"

"पण दाढी काळी दिसतेय हो," कुणीतरी पुटपुटलं.

"स्वर्गात म्हातारपण नसतं, बावळटा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. धन्य ती अक्कल!

मी हसून सोडून दिलं असतं. पण शेजारच्या जुमागुलला त्याने सांगितलं, "दर्शन झालं, आता पोरीची सुई बंद." तिची आठ वर्षांची मेरिम इन्सुलिनवर जगते. बाईने घरी जाऊन सगळं औषध ओतून दिलं!

सकाळी मेरिम मान टाकून पडलेली. आई मात्र दवाखान्याचं नाव काढू देईना. माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं मी नमदे करते. काळा आणि पांढरा एकावर एक ठेवून कापायचे, तुकड्यांची अदलाबदल करायची; एकात जे काळं ते दुसऱ्यात पांढरं. काळी दाढी ऐकली तेव्हाच मला शंका आली होती. मी काळ्या चकतीवर पांढरं गाढव टाचलं आणि जुमागुलपुढे धरलं.

"बघ. तीस मोज."

"आपा, ही काय वेळ आहे थट्टेची?"

"मोज म्हणते ना! हं, आता भिंतीकडे बघ."

चुन्याच्या भिंतीकडे बघून जुमागुल किंचाळली, "अगंबाई! काळं गाढव!"

"तेही स्वर्गातून आलं का? अगं, एकटक बघून डोळे थकले की उलट्या रंगांचं चित्र दिसतं. जिथे बघशील तिथे. म्हणून तर तो मेला नजर हलवू देत नव्हता!"

तिने पोरीला उचललं आणि अनवाणीच धावत सुटली.

डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोर हाती लागली नसती." तोक्तोसून तोवर पुढच्या गावाला पसारही झाला होता.

चंद्रात कुणाला आजोबा दिसोत, कुणाला मेंढी, माझं काही म्हणणं नाही. पण कुणी औषध बंद करा म्हणाला, तर आधी नजर हलवून बघा. आंधळं कुणी होत नाही.