दाराचे डोळे

मुलीच्या घरी कायमचं राहायला जायचं नाही, हे मी आयुष्यभर चारचौघांत ठणकावून सांगत आलो. बायको गेली, आणि वर्षाच्या आत दोन बॅगा घेऊन मुलीच्याच दारात उभा राहिलो.

जावयांनी तक्रारीला जागा ठेवली नाही. ऊन येणारी खोली दिली, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिला. त्यामुळे मी जास्तच अवघडायचो. बसून खातोय असं वाटू नये म्हणून घरात मोडकंतोडकं शोधत फिरायचो. गळका नळ, करकरणारं कपाट, डुगडुगणारी खुर्ची, काही सुटलं नाही. जावई चित्रकलेचे शिक्षक. ब्रश त्यांच्या हातात शोभतो, पण स्क्रूड्रायव्हर दिला तर त्यानंही रंगच ढवळतील. मी मात्र पॅकिंगच्या कारखान्यात मशीनदुरुस्तीचा फोरमन होतो, आणि हे मी त्या घरात कुणाला विसरू दिलं नव्हतं.

गॅरेजचं दार बिघडलं तेव्हा खरं तर मला आनंदच झाला. रिमोट दाबला की दार निम्म्यावर यायचं, अडखळायचं आणि परत वर जायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या उंचीवर, एकेक डोळा असतो. एकातून किरण निघतो, दुसरा तो पकडतो. मध्ये कुणी आलं की किरण तुटतो आणि खाली येणारं दार माघारी फिरतं. आमच्या एका डोळ्यावर थेट ऊन पडायचं आणि तो गोंधळायचा. मुलगी रोज गाडीत बसून रिमोट दाबदाबून वैतागायची.

"कंपनीच्या माणसाला बोलावतो," जावई म्हणाले.

"कशाला? मी काय मेलोय?"

कारखान्यातल्या मशीनवरही असेच डोळे असायचे. कामगाराचा हात आत गेला तर मशीन थांबावी म्हणून. त्यांच्यावर धूळ बसली की मशीन उगाचच थांबायची आणि साहेब आमच्या नावानं शंख करायचे. मग आम्ही ते डोळे काढून एका नळीच्या तुकड्यावर समोरासमोर चिकटपट्टीनं बांधून टाकायचो. ते एकमेकांकडे बघत बसायचे, मशीन चालू राहायची. याला आम्ही डोळ्यांचं लग्न लावणं म्हणायचो आणि वर हसायचो. कुणाची बोटं गेली नाहीत हे आमचं नशीब, पण मी ते माझं कसब समजत होतो.

घरी कुणी नसताना मी या दाराच्याही डोळ्यांचं लग्न लावलं. वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, माझ्या निळ्या चिकटपट्टीनं. शिवाय दार जमिनीजवळ थोडं अडत होतं, म्हणून मोटरवरचा, दाराचा जोर वाढवणारा स्क्रूही पुरता पिळला. संध्याकाळी मुलीनं रिमोट दाबला आणि दार एका दमात खाली आलं.

"बाबा, तुमच्या हातात जादू आहे!" ती म्हणाली.

"नक्की काय केलंत?" जावयांनी विचारलं.

"तुम्ही आपली चित्रं काढा," मी म्हणालो. सगळे हसले, तेही हसले. रात्री मी दोन घास जास्त जेवलो.

पुढच्या आठवड्यातली सकाळ. मुलगी कामाला निघाली होती. तिनं गाडी मागे घेऊन रस्त्यावर नेली आणि रिमोट दाबला. माझी नात, भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी म्हणून ठरत नाही. तिला सांभाळायचं काम माझं. मी गॅरेजच्या आतल्या टोकाला उभा होतो. आईला टाटा करायला ती बाहुलीची ढकलगाडी घेऊन धावली आणि नेमकी दाराच्या रेषेत जाऊन थांबली.

दार खाली येत होतं. मुलगी गाडीतून हात हलवत हसत होती. तिला कसलीच काळजी नव्हती, कारण मध्ये कुणी आलं की दार वर जातं हे तिला ठाऊक होतं. ते वर जाणार नाही हे जगात फक्त मला माहीत होतं.

"भिंगरी, मागे ये!" मी असा ओरडलो की ती दचकली, ढकलगाडीचा दांडा तिच्या हातून सुटला आणि ती मागे, दाराच्या आतल्या बाजूला आपटली. दार ढकलगाडीवर आलं. थांबलं नाही. कडकड आवाज करत दाबतच राहिलं. पत्र्याचे दांडे वाकले, चाक निखळून आत घरंगळलं, बाहुली खाली चेपली.

जावई आतून धावत आले. त्यांनी मोटरला लटकणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सुटं केलं आणि दोन्ही हातांनी वर उचललं. मुलगी बाहेरून वाकून आत शिरली, भिंगरीला उचललं, तिची बोटं एकेक करून चाचपली. बोटं शाबूत होती. भिंगरी बाहुलीसाठी भोकाड पसरून रडत होती.

"हे थांबलं का नाही?" मुलगी किंचाळली.

जावयांनी दाराच्या खाली पाहिलं. डोळे जागेवर नव्हते. वायर वर गेली होती. ते शिडी लावून चढले, आणि रंगाचे डबे बाजूला केले. ती निळी चिकटपट्टी त्यांच्या ओळखीची होती. त्या घरात माझ्याशिवाय ती कुणी वापरत नव्हतं. त्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं.

"डोळे वर बांधलेत," ते म्हणाले.

"कुणी?"

मी निखळलेलं चाक उचलायला वाकलो.

"मी," जावई म्हणाले. "बाबांनी नीट केलं होतं. परवा परत बिघडलं, म्हणून मीच बांधले."

मग मुलीनं त्यांना जे धारेवर धरलं, ते मी भिंतीला टेकून ऐकलं. "अक्कल गहाण ठेवली होतीस का? आपल्या पोरीचा हात गेला असता! काही येत नाही तर हात कशाला लावतोस? बाबा घरात आहेत, त्यांना विचारायला काय झालं होतं?" ती हमसून हमसून रडत होती आणि बोलत होती. जावई शिडीवर मान खाली घालून उभे होते. आणि मी, मशीनदुरुस्तीचा फोरमन, मूग गिळून बसलो. लाज वाटत होती, पण तोंड उघडण्याइतकी वाटत नव्हती. हे आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

तिनं कामावर सुट्टी कळवली आणि भिंगरीला घेऊन आत गेली. आम्ही दोघांनी दार दुरुस्त केलं. म्हणजे त्यांनी केलं, मी बॅटरी धरली. त्यांनी माहितीपुस्तक उघडून डोळे परत घोट्याच्या उंचीवर बसवले, त्यांच्यावरचे दोन्ही छोटे दिवे स्थिर होईपर्यंत हलक्या हातानं फिरवले. उन्हासाठी एका डोळ्यावर पुठ्ठ्याची छोटी टोपी केली. पुठ्ठा कापायला चित्रकलेचाच हात लागतो म्हणा. अडणाऱ्या रुळांत तेल सोडलं. जोराचा स्क्रू सैल केला. मग दाराखाली लाकडी फळी आडवी ठेवून बटण दाबलं. दार फळीला टेकलं आणि लगेच वर गेलं. नंतर दार खाली येत असताना त्यांनी किरणात झाडू धरला. तेव्हाही वर गेलं.

"बरोबर आहे ना, बाबा?" त्यांनी विचारलं.

चेष्टा नव्हती. ते खरंच विचारत होते. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तुम्ही आत्ता कुठे रुळताय इथे," ते म्हणाले आणि शिडी मिटायला लागले.

दुपारी जेवताना मुलगी नवऱ्याशी बोलत नव्हती. तिनं भिंगरीला जवळ घेतलं. "आजपासून गॅरेजच्या दाराला फक्त आजोबा हात लावतील. आजोबांना विचारल्याशिवाय तिकडे जायचं नाही. त्यांना सगळं कळतं. कळलं?"

भिंगरीनं माझ्याकडे बघत मान डोलावली. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"ते डोळे मी बांधले होते," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी. जोरही मीच वाढवला. यांनी काही केलं नाही."

जावई ताटात बघत राहिले. मुलगी कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. आता ती फुटेल म्हणून मी मान खाली घालून तयार झालो. सकाळी नवऱ्याला बोलली त्याच्या दुप्पट मला बोलायला हवी होती. मी वाट बघत होतो.

"असू दे, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "मुद्दाम नाही ना केलंत. जेवा तुम्ही."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. भिंगरीनं दूध सांडलं की ती याच आवाजात बोलते.

"अगं, ओरड ना माझ्यावर," मी म्हणालो.

ती उठली आणि माझ्यासमोर हात पसरला. "दाराचा रिमोट द्या."

दुरुस्तीपासून घरातला जादा रिमोट माझ्याच खिशात होता, तो काढून दिला. तिनं टाचा उंचावून तो फ्रिजच्या डोक्यावर ठेवला आणि कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. भिंगरी माझ्या कानाशी आली.

"आजोबा, रडू नका," ती कुजबुजली. "माझी कात्रीपण तिथेच आहे. मोठं झालं की देते आई."